जुने पुस्तक विकिस्रोतावर नेण्याआधी: शाळेच्या ग्रंथालयाची तयारी

आठवी-नववीच्या मुलांनी मिळून एक जुने मराठी पुस्तक टाइप करायचे, तपासायचे आणि विकिस्रोतावर, म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेल्या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात, सर्वांसाठी खुले करायचे, असे ठरले असेल तर संगणक कक्षात जाण्याआधी कपाटापुढे उभे राहा. पुस्तक साठ-सत्तर पानांचेच निवडा. तीनशे पानांची कादंबरी घेतली की वार्षिक परीक्षा येते, काम अर्धे राहते आणि मुले हिरमुसतात. हे मी पाहिले आहे.

पुस्तक हातात आले की लेखकाच्या निधनाचे साल शोधा. आपल्याकडे निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेले लेखन १ जानेवारी २०११ पासून खुले झाले. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांचा संग्रह मात्र त्या गेल्यावर, १९५२ मध्ये आला. तिथे ६० वर्षे प्रकाशनाच्या सालापासून मोजावी लागतात. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि चित्रे दुसऱ्याची असू शकतात, त्यामुळे शक्यतो जुनीच आवृत्ती घ्या. ते पुस्तक विकिस्रोतावर आधीच नाही ना, हेही पाहा.

स्कॅन करताना पुस्तक दाबून सपाट करू नका, शिवण उसवते. एकाने पाने उलटावी, एकाने फोटो काढावे, तिसऱ्याने पान क्रमांक मोठ्याने म्हणावा. कोरी पानेही घ्या, नाहीतर पुढचे सगळे क्रमांक सरकतात.

मुलांची विकिस्रोतावरची खाती आदल्या आठवड्यातच उघडून ठेवा. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला साधारण सहाच नवी खाती उघडता येतात. तीस मुले एकदम बसवली तर सातव्यापासून सगळे ताटकळतात. ‘आठवी अ’ असे सामाईक खाते नियमात बसत नाही, प्रत्येकाचे वेगळे हवे. त्यात मुलाचे खरे नाव किंवा शाळेचे नाव नको, कारण बदलांचा इतिहास कायम सगळ्यांना दिसतो. पालकांची लेखी संमती घ्याच.

पानांच्या वाटपासाठी गुगल शीट पुरते: पान क्रमांक, पहिले वाचन, दुसरे वाचन, शंका. दुवा मिळालेल्या कुणालाही बदल करता येतील अशी मुभा ठेवू नका. एक रकाना मुद्दाम पुसून तो आवृत्ती इतिहासातून परत आणून दाखवा. मुलांची भीती तिथेच जाते.

आता सर्वांत महत्त्वाची तयारी, आणि हिच्यासाठी मराठीचा एक पूर्ण तास मागून घ्या. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘त्यानें’ असे अनुस्वार भेटतात. मुले ते चूक समजून गाळतात, स्कॅनवरून मजकूर ओळखणारे साधनही गाळते. फळ्यावर ‘आंबे आणले’ आणि ‘पाणी आणलें’ शेजारी लिहा. तो ठिपका नपुंसकलिंगाची खूण आहे हे एकदा कळले की मुले तो शोधू लागतात. पानावर छापले आहे तसेच लिहायचे, सुधारायचे नाही, हे ठामपणे सांगा. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ प्रत्येकाकडून टाइप करून घ्या, समुद्राच्या जागी डोंगरातल्या दऱ्या यायला नकोत.

जोड्याही आधीच लावा. विकिस्रोतावर न तपासलेले पान लाल दिसते, एकाने तपासले की पिवळे होते आणि दुसऱ्या खात्यावरून पुन्हा तपासल्यावरच हिरवे. जिवलग मैत्रिणींची जोडी टाळा, त्या एकमेकींच्या चुका पोटात घालतात. पहिल्या दिवशी दोनच पाने हिरवी झाली तरी घाई करू नका.

शेवटी एक कार्ड तयार ठेवा. त्यावर विकिस्रोतावरच्या पुस्तकाचा क्यूआर कोड आणि खाली मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली नावे असतील. सगळी पाने हिरवी झाली की ते मूळ पुस्तकात ठेवायचे आणि पुस्तक परत कपाटात, त्याच जागी.