जनावर दुखणं आधीच सांगतं, आपण उशिरा ऐकतो: गोठ्यातल्या या चुका टाळा

सिन्नर, निफाड, येवल्याकडच्या गोठ्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "काल संध्याकाळपर्यंत चांगली होती हो!" बहुतेक वेळा ती चांगली नसते. गाय, म्हैस, शेळी ही कळपातली जनावरं. कमजोर दिसेल त्यालाच लांडगा आधी गाठतो, म्हणून दुखणं लपवणं त्यांच्या रक्तातच आहे. हंबरून सांगेल याची वाट बघण्यात हातचा वेळ जातो.

दूध कमी झालं की बघू

दूध घटतं तोवर दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. त्याआधीची खूण दावणीवर दिसते. सकाळी वैरण टाकण्याआधी दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघा. कोण उशिरा उठलं? कुणाचे कान पडलेत? कोण रवंथ करत नाही? धडधाकट गाय दिवसातले सात-आठ तास रवंथ करते. शंका आली तर डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खोलगट भागात, मूठ दाबून धरा. दोन मिनिटांत पोटाची दोन-तीन वेळा हालचाल जाणवायला हवी. तीच भकाळी ढोलासारखी ताणलेली असेल आणि जनावर धापा टाकत असेल तर पोटफुगी आहे. तिथे तासाभराचा उशीरही महागात पडतो.

न बघताच ढोस पाजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. गाय सुस्त दिसली की मान वर करून, जीभ ओढून बाटलीने तेल किंवा काढा ओततात. जीभ धरली की तिला गिळता येत नाही. औषध श्वासनलिकेत जातं आणि मूळ दुखण्यापेक्षा न्यूमोनियाच जीव घेतो.

नुकत्याच व्यायलेल्या गायीत हा धोका सर्वात मोठा. जास्त दुधाची संकरित गाय, तिसऱ्या-चौथ्या वेताची, व्यायल्यापासून दोन-तीन दिवसांत लटपटते, बसते, मान वळवून कुशीवर टाकते. कान हाताला गार लागतात. थर्मामीटर लावला तर अंग नेहमीपेक्षा थंड. "ताप नाही ना, मग उठेल" म्हणून घरचे निर्धास्त होतात. रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असतं आणि गिळण्याची ताकदही गेलेली असते. अशा गायीच्या तोंडात काहीही ओतू नका. डॉक्टर शिरेतून सावकाश कॅल्शियम देतात तेव्हा पुष्कळ गायी थोड्याच वेळात उठून उभ्या राहतात. मात्र ती बाटली घरी आणून स्वतः लावू नका. भराभर गेलं तर हृदय थांबतं.

चाळीतला कांदा गव्हाणीत

भाव पडला की साठवणीच्या चाळीत सडलेला कांदा जनावरांपुढे जातो. एवढं पीक मातीमोल होताना बघवत नाही, हे खरं. पण कांद्यातले गंधकाचे घटक रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात आणि त्याचा त्रास शेळ्या-मेंढ्यांपेक्षा गायीला जास्त होतो. खूण काही दिवसांनी दिसते: लघवी कॉफीच्या रंगाची, हिरड्या पांढुरक्या, चार पावलं चालली तरी धाप, श्वासाला कांद्याचा वास. कांदा ताबडतोब बंद करून डॉक्टरांना बोलवा.

लघवी लाल किंवा कॉफीच्या रंगाची म्हणजे दरवेळी कांदाच, असंही नाही. गोचिडांमुळे येणाऱ्या बबेसियात असाच रंग दिसतो, पण तिथे बहुधा सडकून ताप असतो. व्यायल्यानंतर फॉस्फरस कमी पडलं तरी लघवी लाल होते. तिन्हींचा उपचार वेगळा आहे, म्हणून शेजारच्याने सांगितलेलं इंजेक्शन टोचू नका.

"चमक भरली असेल" म्हणून सोडून देणं

द्राक्षबाग मोडली की मांडवाच्या तारेचे तुकडे बांधावरच्या गवतात राहतात. ते वैरणीबरोबर कुट्टी यंत्रात गेले की टोकदार होतात. गाय वैरण चावून नव्हे, ओढून गिळते, त्यामुळे तार तिला कळतच नाही. ती पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकते आणि पुढे हृदयाकडे घुसू शकते. अशी गाय पाठ कमानीसारखी करून, पुढचे कोपर अंगापासून लांब धरून उभी राहते. उतारावरून उतरताना कण्हते. बसताना फार जपून बसते. पुढे छातीखाली पाणी उतरतं, आणि तेव्हा आशा थोडी उरते. सुरुवातीलाच कळलं तर पोटात लोहचुंबक सोडून किंवा शस्त्रक्रियेने वाचवता येते. कुट्टी यंत्राच्या तोंडाशी एक चुंबक लावला तर पुष्कळ तार तिथेच अडकते.

कासेसाठी रोजची एकच सवय पुरे. पहिल्या दोन-चार धारा काळ्या वाटीत घ्या. गुठळ्या किंवा पाणचट दूध दिसलं तर सड सुजायच्या आधीच दगडीचा (कासेच्या दाहाचा) सुगावा लागतो. शेळ्यांत मात्र कळपाच्या मागे रेंगाळणारी, एकटी उभी राहणारी शेळी हीच मोठी खूण.

डॉक्टरांना किंवा 1962 या जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या नंबरवर फोन करताना "गाय आजारी आहे" एवढंच सांगू नका. शेवटचं कधी खाल्लं, शेण कसं आहे, लघवीचा रंग काय, गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप किती आला (निरोगी गायीचा साधारण 101 ते 102 फॅरनहाइट), व्यायली कधी, हे सगळं सांगा. दोन-चार दिवसांत खाद्यात नवं काय आलं, लग्नातलं उरलेलं अन्न घातलं का, कांदा घातला का, तेही न लपवता सांगा. डॉक्टर कोणतं औषध सोबत घेऊन निघतील ते बरंचसं या उत्तरांवर ठरतं.