मे ते ऑगस्ट: सीनियरच्या घरातली तयारीची यादी

अमेरिकेत मूल शाळेच्या शेवटच्या वर्षात, म्हणजे सीनियर, असलं आणि १ मेपर्यंत कॉलेजातली जागा पक्की करणारं डिपॉझिट एकदाचं भरून झालं की घर सैलावतं. कॉलेजचा स्वेटशर्ट घरी येतो, व्हॉट्सॲपवर अभिनंदनांचा पाऊस पडतो, आणि आपल्याला वाटतं, सुटलो. खरं तर बारकी, कंटाळवाणी, तारखेला बांधलेली कामं इथूनच सुरू होतात. गेल्या वर्षी लेकीच्या वेळी मी अशा कामांची यादी करून फ्रिजवर लावली आणि त्यातली निम्मी कामं स्वतःच उरकून टाकली. चूक झाली ती तिथेच. म्हणून ही यादी वाचताना प्रत्येक कामापुढे मनातल्या मनात मुलाचं नाव लिहा. आपण शेजारी खुर्ची घेऊन बसायचं. कीबोर्डला हात लावायचा नाही.

सुरुवात नकार कळवण्यापासून. जिथे जायचं नाही त्या सगळ्या कॉलेजांना पोर्टलवर जाऊन तसं सांगायचं, म्हणजे वेटलिस्टवरच्या कुणासाठी तरी जागा मोकळी होते. दोन ठिकाणी डिपॉझिट भरून ‘बघू नंतर’ म्हणणारे आईबाप मी पाहिले आहेत. कॉलेजं ते गैर मानतात आणि कळलं तर प्रवेश काढूनही घेऊ शकतात. ज्या शिक्षकांनी शिफारसपत्रं दिली त्यांना मुलाने स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहाव्यात, कुठे प्रवेश मिळाला तेही कळवावं. यात आपण काही सुचवायला जाऊ नये.

मग शाळा. ती संपलेली नसते, हे मुलांना पटवणं मे महिन्यात सर्वांत अवघड. प्रवेशाचं पत्र नीट वाचलं तर त्यात अट असते, वर्ष व्यवस्थित पूर्ण करण्याची. जूनमध्ये शाळेच्या काउन्सेलरकडून अंतिम ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, कॉलेजला जातं आणि तिकडे कुणीतरी ते बघतं. एखाद-दुसऱ्या बी ने काही बिघडत नाही, पण ए च्या रांगेत अचानक डी दिसला तर खुलासा मागणारं पत्र येतं, आणि क्वचित प्रवेशही रद्द होतो. ट्रान्स्क्रिप्ट पाठवायची विनंती मुलानेच करायची असते. आपोआप जातं या भरवशावर राहू नका. एपी, म्हणजे शाळेतच द्यायच्या कॉलेज पातळीच्या परीक्षा, दिल्या असतील तर एका कॉलेजला फुकट स्कोअर पाठवायची मुदत २० जून, त्यानंतर पैसे पडतात. स्कोअर जुलैत लागतात. कुठे पाचपैकी ४ ला क्रेडिट मिळतं (म्हणजे तो विषय पदवीच्या हिशेबात धरतात), कुठे ५ च लागतो, कुठे ५ असूनही काही मिळत नाही. आपल्या कॉलेजचा तक्ता ओरिएंटेशनच्या (नव्या मुलांच्या ओळख-सत्राच्या) आधी उघडून बघायला सांगा, कारण त्यावर पहिल्या सेमिस्टरचे विषय ठरतात.

आता ईमेल. मुलं ईमेल वाचत नाहीत. कॉलेज मात्र सगळं ईमेलवरच कळवतं, आणि तेही कॉलेजने दिलेल्या नव्या पत्त्यावर: खोलीचा फॉर्म, रूममेटचं नाव, गणिताची प्लेसमेंट परीक्षा, बिल. तो पत्ता फोनवर बसवून घ्या आणि रोज एका ठरलेल्या वेळी बघायची सवय जूनपासून लावा. आमच्याकडे हे झालं नाही, त्याचा दंड पुढे सांगते.

आरोग्याच्या कागदांवर जरा रेंगाळते, कारण ऐनवेळी अडतं ते इथेच. कॉलेजचा लसीकरणाचा फॉर्म बऱ्याच ठिकाणी जुलैपर्यंत भरावा लागतो. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस, टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला), आणि डॉर्ममध्ये (कॉलेजच्या वसतिगृहात) राहणार असेल तर मेनिंजायटिसची मेनएसीडब्ल्यूवाय (MenACWY) लस, जिचा एक डोस सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर झालेला असावा लागतो. मुलाचा जन्म भारतातला असेल तर फॉर्मवर टीबीचा प्रश्नही हमखास असतो. आमची लेक दीड वर्षाची असताना इकडे आली, बीसीजी, म्हणजे टीबीची लस, झालेली. बीसीजी झालेल्यांची हातावरची त्वचेची चाचणी टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग छातीचा एक्स-रे, पुन्हा अपॉइंटमेंट, पुन्हा फॉर्म. रक्ताची चाचणी मात्र बीसीजीमुळे फसत नाही. डॉक्टरांना आधीच सांगून तीच करून घ्यावी. आम्हाला हे कळलं तोवर लेकीच्या हातावर गांधी उठून आठवडा झाला होता.

लसीकरणाचा दाखला मागवायला लेकीने डॉक्टरांकडे फोन केला तो प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. ओट्याला टेकून उभी, फोन स्पीकरवर. पलीकडून जन्मतारीख विचारली, ती सांगितली. इन्शुरन्सचा मेंबर आयडी विचारला, तशी तिने माझ्याकडे पाहिलं. मी कणीक मळत राहिले. ‘वन मिनिट’ म्हणत ती माझी पर्स उपसायला धावली, कार्ड सापडलं, ते उलटसुलट करून तिने चुकीचा, ग्रुप नंबरच वाचला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, त्याच्या वरचा. मी केला असता तर दोन मिनिटांत झाला असता असा फोन, तिला अकरा मिनिटं लागली. त्या दिवशी कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो तिच्या फोनमध्ये गेले. ऑक्टोबरमध्ये ताप आला तेव्हा ती एकटी अर्जंट केअरला जाऊन आली आणि आम्हाला नंतर कळवलं.

अठरा वर्षं पूर्ण झाली की कागदावर आपण तिऱ्हाईत होतो. १९७४ च्या फर्पा कायद्याने कॉलेजातले गुण, हजेरी, शिस्तीची नोंद हे सगळं मुलाच्या ताब्यात जातं. फी आपण भरली म्हणून कुणी आपल्याला मार्क दाखवायला बांधील नसतं. दवाखान्याचंही तसंच, तिथे हिपा, म्हणजे रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा, आड येतो. म्हणून मुलाशी बोलून, त्याची मर्जी असेल तर, तीन कागद करून ठेवा: कॉलेजचा फर्पा संमतीचा फॉर्म, डॉक्टरांनी आपल्याशी बोलावं यासाठीचा हिपाचा, आणि मूल बेशुद्ध वगैरे असताना निर्णय घेण्याचा अधिकार देणारा हेल्थकेअर प्रॉक्सी. हा तिसरा राज्यागणिक वेगळा असतो. कॉलेज दुसऱ्या राज्यात असेल तर दोन्ही राज्यांचे करून ठेवलेले बरे. लेकीने हिपाच्या फॉर्मवर सही केली, फर्पाच्या केली नाही. ‘मार्क मी सांगेन ना,’ म्हणाली. नवरा दोन दिवस धुसफुसत होता.

इन्शुरन्स. आपल्या पॉलिसीवर मूल सव्वीस वर्षांचं होईपर्यंत राहू शकतं, तरी बरीच कॉलेजं स्वतःचा आरोग्य विमा बिलात घालूनच देतात. तो नको असेल तर मुदतीत वेव्हर भरावा लागतो. त्याची आठवण करून देणारे मेल लेकीच्या कॉलेजच्या पत्त्यावर येत होते आणि ते कुणी वाचत नव्हतं. बिलात तीन हजारांवर डॉलर जास्त दिसले तेव्हा धावाधाव झाली. अर्ज, अपील, तीन आठवडे. पैसे परत मिळाले, पण ते तीन आठवडे मी विसरणार नाही. वेव्हर भरण्याआधी हेही बघा की तुमची पॉलिसी कॉलेजच्या गावात चालते का. एचएमओ (ठरावीक जाळ्यातल्या डॉक्टरांपुरती पॉलिसी) असेल तर बहुधा फक्त इमर्जन्सीत चालते.

शाळेत आयईपी किंवा ५०४ प्लॅन (अपंगत्व किंवा शिकण्यातल्या अडचणींसाठी शाळेने आखलेली मदत) असेल तर तो कॉलेजात पाठोपाठ येत नाही. शाळा स्वतःहून मदत देते. कॉलेजात मुलाने स्वतः डिसॅबिलिटी ऑफिसात जाऊन, कागद दाखवून ती मागायची असते. परीक्षेला जास्त वेळ हवा असेल तर हे काम जुलैत करा, पहिल्या मिडटर्मच्या आदल्या आठवड्यात नव्हे. आपल्याकडे ‘आता नवी सुरुवात, कशाला सांगायचं’ असा एक सूर निघतो. तो ऐकू नका.

पैशांबाबत आधी कॉलेजचं पत्र मुलाबरोबर बसून वाचा आणि ग्रँट (फेडावी न लागणारी मदत) कुठली, कर्ज कुठलं हे पेन्सिलीने वेगळं करा. दोन्ही एकाच यादीत, एकाच ठशात छापलेले असतात. पहिल्या वर्षाच्या, आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला फेडरल डायरेक्ट कर्ज जास्तीत जास्त ५,५०० डॉलर मिळतं, त्यातलं सबसिडाइज्ड ३,५०० पर्यंत. या भागाचं शिक्षण चालू असतानाचं व्याज सरकार भरतं, उरलेल्यावर पहिल्या दिवसापासून चढतं. पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याला एन्ट्रन्स काउन्सेलिंग आणि प्रॉमिसरी नोटवरची सही, दोन्ही स्वतःच्या लॉगिनने करावी लागतात. वर्क-स्टडी लिहिलेलं असेल तर ते पैसे बिलातून वजा होत नाहीत. काम शोधायचं, करायचं, मग पगार. ५२९ खातं (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) असलेल्यांनी सगळी फी त्यातूनच काढण्याची घाई करू नये: ४,००० डॉलर बाहेरून भरले तर अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट या करसवलतीचे २,५०० पर्यंत टॅक्समध्ये मिळू शकतात. दोघांचं मिळून उत्पन्न १,६०,००० च्या वर गेलं की ते घटत जातं आणि १,८०,००० ला संपतं, त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच घरांना ते लागू होत नाही, पण बघून तरी घ्या.

एच-४ वर, म्हणजे आईबापाच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असलेल्या मुलांची गोष्ट निराळी आणि ती फार कमी बोलली जाते. फेडरल मदत त्यांना मिळत नाही, ती नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि आणखी काही ठरावीक गटांसाठी असते. कॅम्पसवरही पगारी काम करता येत नाही. लायब्ररीतली आठवड्याला सहा तासांची नोकरीसुद्धा नाही. राज्यातल्या रहिवाशांची फी लागू होते का, हे राज्य ठरवतं. आणि एकविसावा वाढदिवस हा दर्जा संपवतो, म्हणजे साधारण तिसऱ्या वर्षात. तोवर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जायचं की आणखी काही, हे वकिलाशी आत्ताच बोलून ठेवा. मुलालाही बरोबर न्या. त्याला हे सगळं माहीत आहे असं आपण धरून चालतो, बहुतेक वेळा नसतं.

बँकेचं खातं आणि डेबिट कार्ड मुलाच्या नावावर हवं. क्रेडिट कार्डाला एकवीस वर्षांखाली स्वतःचं उत्पन्न किंवा सहीला मोठं माणूस लागतं. सोशल सिक्युरिटी नंबर पाठ असावा, कार्ड घरीच राहावं. विमानाने जाणार असेल तर रिअल आयडी (देशांतर्गत विमानप्रवासाला चालणारं राज्याचं ओळखपत्र) किंवा पासपोर्ट लागेल. नागरिक असेल तर मतदार नोंदणी घरच्या पत्त्यावर करायची की कॉलेजच्या, हे त्याने ठरवावं.

ओरिएंटेशनला विषय निवडताना एक हिशेब हाताशी असू द्या. १२ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थी, पण बहुतेक ठिकाणी पदवीला १२० लागतात, म्हणजे आठ सेमिस्टरं प्रत्येकी १५. बारा-बारा घेत गेलं तर चार वर्षांत होत नाही आणि पाचव्या वर्षाची फी आपल्या गळ्यात पडते. दर क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि वर्गाबाहेर दोन तास अभ्यास धरतात. पंधरा तास वर्ग, तीस तास अभ्यास, आठवड्याचे पंचेचाळीस. शाळेत सात तास बाकावर बसायची सवय झालेल्या मुलाला मंगळवारी एकच वर्ग दिसला की सुट्टीच वाटते, आणि घसरण तिथून सुरू होते. पहिल्याच आठवड्यात सगळ्या विषयांचे सिलॅबस समोर ठेवून प्रत्येक परीक्षेची तारीख एका कॅलेंडरवर उतरवायला सांगा. ऑफिस अवर्सना (प्रोफेसरांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत) पहिल्या दोन आठवड्यांतच जाऊन यावं, अडलेलं नसलं तरी. आपली मुलं जात नाहीत. शाळेत कायम पहिल्या रांगेत राहिलेल्यांना विचारायला जाणं म्हणजे हरल्यासारखं वाटतं. घरी बसून प्रोफेसरांना लिहायच्या मेलची तालीम करून घ्या. आमच्या लेकीच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात ‘हे’ (Hey) अशी होती आणि शेवटी नावच नव्हतं.

सामानाबद्दल फार लिहीत नाही, त्याच्या याद्या दुकानं भरभरून देतात आणि त्यातलं निम्मं लागत नाही. डॉर्मचा पलंग बहुधा ट्विन एक्सएल असतो, ८० इंच लांब. घरच्या ट्विनच्या ७५ इंची चादरी बसत नाहीत. मायक्रोवेव्ह, फ्रिज कोण आणणार हे रूममेटशी बोलल्याशिवाय घेऊ नका. मेणबत्ती, उदबत्ती, हॉटप्लेट जवळजवळ सगळीकडे बंद, आणि राइस कुकर किंवा इन्स्टंट पॉटही अनेक ठिकाणी, तेव्हा कॉलेजची बंदीची यादी आधी वाचा. चटण्या द्या, तूप द्या, कुकर ठेवून घ्या. पुस्तकं पहिल्या वर्गाआधी विकत घेऊ नयेत. कित्येकदा जुनी आवृत्ती चालते किंवा लायब्ररीत प्रत असते.

कपडे धुणं मात्र जूनपासून मुलाकडे द्या. स्वतःचे, आठवड्याला, कुणी आठवण न करता. रोजची औषधं असतील तर प्रिस्क्रिप्शन कॉलेजजवळच्या फार्मसीत हलवायचं, तेही त्यानेच फोन करून. एक डबा घरातून: थर्मामीटर, तापाची गोळी, ओआरएस, बँडेड.

फोनमध्ये दोन नंबर आपल्यासमोर सेव्ह करायला लावा, कॉलेजच्या काउन्सेलिंग सेंटरचा आणि ९८८. हा मानसिक संकटासाठीचा देशभराचा नंबर २०२२ च्या जुलैपासून चालू आहे. फोन आणि मेसेज, दोन्ही चालतात. स्वतःला लागला नाही तरी रूममेटला लागू शकतो, असं म्हटलं की मुलं कुरकुर न करता सेव्ह करतात. लोकेशन बघायचं ॲप चालू ठेवायचं की नाही, हेही निघण्याआधी बोलून टाका. आम्ही बंद केलं. पहिले दोन आठवडे जड गेले, मला, तिला नव्हे.

आणि १ ऑक्टोबर. पुढच्या वर्षाचा फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, साधारण त्या दिवशी उघडतो, आणि तो दर वर्षी नव्याने भरावा लागतो. ती तारीख तिच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये, अलार्म लावून. माझ्या नाही.