मनगटाची दबलेली नस मोकळी करायला जाण्याआधी

तारीख घेण्याआधी दुखणं नेमकं कार्पल टनेलचंच, म्हणजे मनगटात नस दबल्याचंच आहे ना, हे पक्कं करून घ्या. त्यात मुंग्या येतात त्या अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला; करंगळी सहसा सुटते. रात्री झोपेतून उठून हात झटकत बसावं लागतं. पायांनाही मुंग्या असतील किंवा मानेतून कळ उतरत असेल, तर मान, साखर आणि बी-१२ आधी तपासायला लावा. नसेची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, तालुक्याला बहुधा होत नाही. नागपूर, अमरावती, अकोला नाहीतर सेवाग्राम-सावंगी गाठावं लागतं. जाताना हाताला तेल-मलम चोपडू नका. साखर आणि थायरॉईडचं रक्तही त्याच फेरीत देऊन या, कारण या दोन्ही आजारांत ही नस दबण्याची शक्यता वाढते. शिवाय साखर चढलेली असली की जखम चिघळते.

दुखणं नवं असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा चार-सहा आठवडे बांधून बघावा. डॉक्टर स्टिरॉईडचं इंजेक्शनही सुचवतात. गरोदरपणात सुरू झालेल्या मुंग्या बाळंतपणानंतर बहुतेकींच्या आपोआप जातात. पण दोन्ही तळवे शेजारी ठेवून बघा. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा एका हाताला बसल्यासारखा दिसत असेल, कप-बशी हातून निसटत असेल, तर पट्ट्यावर दिवस काढू नका. तिथे वेचणी आहे, लग्न आहे, असली सबब माझ्यासमोर तरी सांगू नका. सुकलेला स्नायू पुन्हा भरेलच असं नाही.

एरवी तारीख वावराकडे बघूनच घ्यावी. कापूस, तूर, हरभरा घरात आल्यावर, फेब्रुवारी-मार्च बरा. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या घरात जातो आणि पट्टीखाली घाम साचतो. जूनला पेरणी, मग निंदण, तेव्हा घरात कोणी मोकळं नसतं. ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं, बहुधा हातापुरती भूल देऊन होतं, म्हणून लोक त्याला किरकोळ समजतात. टाके निघायला मात्र १० ते १४ दिवस लागतात आणि जोराची पकड यायला दोन-तीन महिने. कास्तकाराच्या घरी एवढा वेळ जुळवता येतो. रोजानं जाणाऱ्या बाईची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते, तेव्हा किराणा आणि उधारीचं आधी बोलून ठेवावं लागतं. हे कोणत्याच दवाखान्याच्या कागदावर नसतं.

आधार आणि रेशन कार्ड मूळ घ्या, झेरॉक्सही घ्या. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन त्या दवाखान्यात बसतं का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला विचारा, नंतर नाही. चालू गोळ्यांची नावं पाठ करत बसू नका, पाकिटंच पिशवीत टाका. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती आधी दाखवा, स्वतःहून बंद करू नका. उपाशी यायचं की खाऊन, हेही विचारा. साखरेची गोळी घेणाऱ्यानं तर नक्कीच.

त्या हातातल्या बांगड्या आणि अंगठी आदल्या दिवशी काढा. वर्षानुवर्षांची अंगठी साबण लावूनही निघत नसेल तर सोनाराकडून कापून घ्या, बोट सुजल्यावर ती आवळते. बांगड्या काढायला सासूबाईंचा विरोध असेल तर दुसऱ्या हातात भरा, वाद संपला. नखांना मेंदी-पॉलिश नको, बोटांचा रंग दिसला पाहिजे. घालायला सैल बाह्यांचा गाऊन घ्या, एका हातानं ब्लाउजचे हूक लागत नाहीत.

दोन्ही हात एकदम करायला मी कोणाला सांगणार नाही. संडासाचाच विचार करा: उजवा बांधलेला असेल तर पाण्याचा मग कोण धरणार, डावा बांधलेला असेल तर धुणार कोण? बसल्या जागी हात पुरेल अशी तोटी किंवा पाइप आधीच लावून घ्या. उजवा हात असेल तर डाव्या हातानं चमच्यानं वरण-भात खाऊन बघा. तिखट-मसाला दळून ठेवा. भाकर थापताना आणि कणीक तिंबताना तळहाताचा जो भाग दाबला जातो तिथेच टाके असतात, म्हणून ही दोन कामं सगळ्यात शेवटी परत घ्यायची. हापशीचा दांडा, गाईची धार, भरलेली बादली हेही तोवर दुसऱ्याकडे. कोणाकडे, ते नाव घेऊन ठरवा. ‘बघू, होईल’ म्हटलं की चौथ्या दिवशी तुम्हीच गोठ्यात असता. रेशनच्या मशीनला कार्डावरच्या दुसऱ्या कोणाचा अंगठा चालतो का, तेवढं एकदा बघून ठेवा.

घरी आल्यावर हात दोन उशांवर, छातीपेक्षा उंच. झोळीत दिवसभर लटकवून ठेवला तर बोटं सुजतात आणि खांदा धरतो. बोटं मात्र पहिल्या दिवसापासून हलवायची, मूठ उघडायची-मिटायची, तासातासाला. अंघोळीला पॉलिथिनची पिशवी, सैल बांधून. बघायला येणारं कोणीतरी हळद नाहीतर अंगारा लावायला सांगेलच. मान डोलवा, पण लावू नका. ताप, पू, निळी पडलेली बोटं किंवा वाढतच जाणारी कळ दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा.

रात्रीच्या मुंग्या बहुधा आधी थांबतात. जुनी बधिरता जायला महिने लागतात. व्रणाच्या दोन्ही बाजूंना, तळहाताच्या बुडाशी, दाबल्यावर दुखणं काही आठवडे, कधी महिने टिकतं. त्यावरून ऑपरेशन फसलं असं धरू नका. जखम पूर्ण मिटली की खोबरेल तेलानं व्रण हलके चोळायचा.

टाके जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढले तर चालतील का, हे सुट्टी घेतानाच विचारा आणि डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या. नाहीतर तेवढ्यासाठी पुन्हा नागपूरची एसटी आणि सोबत येणाऱ्याचाही एक रोज.