स्क्लेरोडर्माच्या रुग्णाने तज्ज्ञांच्या ओपीडीला जाताना करायची तयारी

स्क्लेरोडर्मा हा कातडी घट्ट करणारा आजार म्हणूनच ओळखला जात असल्याने रुग्ण बहुधा प्रथम त्वचारोगतज्ज्ञाकडे, किंवा बोटे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे जातो. परंतु फुप्फुसे, हृदय, मूत्रपिंडे आणि अन्ननलिका यांनाही हा आजार धरू शकतो. म्हणून उपचारांची सूत्रे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाततज्ज्ञाकडे असावीत. असे तज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत भेटतात, त्यामुळे गावाहून येणाऱ्याची एकही फेरी वाया जाऊ नये.

जुने कागद तारखेच्या क्रमाने लावून फाइल न्यावी आणि छातीच्या एचआरसीटीचा (फुप्फुसांचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) केवळ रिपोर्ट नव्हे, तर सीडी किंवा फिल्मही सोबत ठेवावी. पीएफटीमधील (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) एफव्हीसी, म्हणजे एका दमात जोराने बाहेर टाकलेली हवा, आणि डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसांतून रक्तात वायू जाण्याची क्षमता, हे आकडे तारखेसह एका कागदावर उतरवावेत, कारण एकट्या आकड्यापेक्षा तो घसरतो आहे का, हे डॉक्टरांना अधिक सांगून जाते. रक्तातील अँटीबॉडीचा रिपोर्ट तर कधीच हरवू नये: एससीएल-७० ही अँटीबॉडी पॉझिटिव्ह असेल तर फुप्फुसांवर, आणि आरएनए पॉलिमरेज-३ ही अँटीबॉडी असेल तर मूत्रपिंडांवर विशेष लक्ष ठेवावे लागते.

तपासणीत डॉक्टर शरीरावरील १७ ठिकाणची कातडी चिमटीत धरून प्रत्येक जागेला ० ते ३ गुण देतात. एकूण गुण जास्तीत जास्त ५१ होतात. त्यासाठी बाह्या सहज वर जातील असे कपडे घालावेत. नखांच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून तिथल्या केशवाहिन्या भिंगातून पाहिल्या जातात. निरोगी माणसात त्या केसांच्या आकड्यांसारख्या एका ओळीत दिसतात, या आजारात काही फुगलेल्या असतात आणि मधूनमधून जागा रिकाम्या असतात. म्हणून नेलपॉलिश काढून जावे आणि बोटांना मेंदी लावू नये. थंडीत बोटे पांढरी, मग निळी पडतात, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा (ओपीडीतला एसी कधीकधी हे काम आपणहून करतो). तंबाखू विचारली की मिश्रीचाही उल्लेख करावा. अनेक बायका मिश्रीला तंबाखूत धरतच नाहीत, पण तीही रक्तवाहिन्या आवळते.

माझ्या मते या आजारात घरी घेण्याची सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे बीपीचे मशीन. कातडी कोपराच्या वरपर्यंत किंवा छाती-पोटावर घट्ट होत असेल, तर पहिल्या चार-पाच वर्षांत मूत्रपिंडांना अचानक धोका होऊ शकतो, आणि तेव्हा बहुधा बीपी एकदम चढते. आपले नेहमीचे बीपी वहीत लिहिलेले असावे. वरचा आकडा त्याहून ३० ने किंवा खालचा २० ने वाढला, आणि विशेषतः डोके दुखणे, अंधूक दिसणे किंवा धाप लागणे सुरू झाले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जाऊन "मला स्क्लेरोडर्मा आहे" हे पहिल्या वाक्यातच सांगावे. कॅप्टोप्रिल या बीपीच्या औषधाच्या वर्गातील औषध वेळेवर सुरू झाले तर मूत्रपिंडे वाचण्याची शक्यता वाढते. रोज १५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने हा धोका वाढतो, म्हणून अंगदुखीसाठी कुणी स्टेरॉइड लिहून दिले, तर घेण्यापूर्वी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला विचारावे. मात्र आधीपासून चालू असलेले स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नये.

निघण्यापूर्वी पुढची पीएफटी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी करायची, हे लिहून घ्यावे. मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू होणार असेल, तर मूल हवे असल्याचा विचार त्याच बैठकीत सांगावा, कारण गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, ते थांबवावे लागते. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींचेही तेव्हाच विचारावे. मधल्या काळात बोटाच्या टोकाला जखम झाली, ती चिघळली किंवा टोक काळे पडू लागले, तर मलम लावून वाट न पाहता ओपीडीला फोन करावा.