जुन्या मोटरसायकलची वायरिंग: पार्ट बदलण्याआधी बिघाड कसा शोधावा

जुन्या गाडीचा हॉर्न रडत वाजायला लागला की बॅटरी नवी घातली जाते. तेवढ्याने भागलं नाही तर आरआर युनिट (चार्जिंगचा एसी डीसी करून व्होल्टेज आवरणारं रेग्युलेटर-रेक्टिफायर), मग ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल. पैसे जातात आणि बिघाड जागच्या जागी राहतो. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत पार्ट जाण्याआधी बहुतेक वेळा जोड गेलेले असतात: हिरवं किटण चढलेला कपलर (वायरी जोडणारा प्लग), सैल थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), नव्या रंगाखाली दबलेलं अर्थिंग (फ्रेममधून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणारी वाट). स्प्लेंडर असो, आरएक्स १०० असो की जुनी बुलेट, क्रम एकच ठेवा. आधी मोजा, मग उघडा, आणि विकत आणायचं ते सगळ्यात शेवटी.

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. शिवाय ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा एक बल्ब होल्डरसकट घ्या, त्याला दोन लांब वायरी जोडा आणि टोकांना क्लिपा लावा. हा टेस्ट लॅम्प पुढे फार कामाला येतो. बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि थोडं व्हॅसलीन जवळ असू द्या. बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी काढा, जोडताना ती शेवटी लावा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ काडी पेटवू नका.

पायरी १: बॅटरी आणि चार्जिंग

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, चावी न लावता, बॅटरीचं व्होल्टेज मोजा. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. मोजताना प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) आधी बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर ठेवा. मग चावी लावून, ब्रेक दाबून, इंडिकेटर सुरू करून पुन्हा मोजा. भरलेली बॅटरी एवढ्या लोडवर ११ च्या खाली घसरत असेल, तर ती आतून गेली आहे. लोड चालू असतानाच प्रोब शिशावरून वायरीच्या थिंबलवर न्या. दोन्ही जागी आकडा वेगळा आला, तर बॅटरी बिचारी निर्दोष आहे. टर्मिनल घासून बोल्ट आवळा.

आता इंजिन सुरू करा आणि रेस वाढवून मोजा. साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. १३ च्या खालीच राहत असेल तर चार्जिंग पोचत नाही. १५ च्या वर जात असेल तर आरआर युनिट व्होल्टेज आवरत नाही, आणि बॅटरीतलं पाणी वारंवार आटतं ते यामुळेच. दोन्ही वेळी युनिट बदलण्याआधी त्याचा कपलर आणि अर्थ साफ करून पाहा. मग मॅग्नेटकडून (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) येणाऱ्या कपलरवर मीटर एसीवर ठेवून मोजा. रेसबरोबर आकडा चढत असेल तर मॅग्नेट वीज देतोय. सहा व्होल्टच्या गाडीला हे सगळे डीसी आकडे निम्मे धरा. चालू इंजिनवर बॅटरी काढून ‘चार्जिंग आहे का’ बघायची सवय मात्र सोडा. त्यात बल्ब उडतात, कधी युनिटही जातं.

पायरी २: हेडलाइट एसी आहे का, ते ओळखा

आपल्याकडच्या अनेक जुन्या कम्युटर गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, थेट मॅग्नेटच्या एसीवर चालतो. अशा गाडीत इंजिन बंद असताना हेडलाइट लागत नाही आणि आयडलला तो मंद दिसतो, हा बिघाड नव्हे. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगले स्विच बदलले जातात. या लाइटचं व्होल्टेज मोजायचं तर मीटर एसीवर हवा. हेडलाइटचे बल्ब वरचेवर उडत असतील, तर आरआर युनिटचा अर्थ सैल झाला आहे का, हे आधी बघा.

पायरी ३: व्होल्टेज कुठे गळतं ते पकडा

हीच पायरी सगळ्यात मोलाची, आणि गॅरेजमध्ये सहसा हीच टाळली जाते. वायर अखंड आहे का बघायला मीटरचा बीप ऐकतात. पण वीस तारांच्या वायरीत एकच तार उरली असली तरी बीप येतोच, आणि बल्बचा लोड पडला की तीच तार दम तोडते. म्हणून लोड चालू असताना मोजायचं.

समजा, ब्रेक लाइट मंद आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा बल्बच्या होल्डरच्या धातूवर धरून ब्रेक दाबा. ०.२ च्या आत आकडा आला तर अर्थ ठीक. ०.८ आला तर तेवढे व्होल्ट अर्थच्या वाटेवर खर्च होताहेत. पहिला प्रोब जागेवर ठेवा आणि दुसरा टप्प्याटप्प्याने बॅटरीकडे आणत जा: होल्डर, मडगार्डचं ब्रॅकेट, अर्थचं थिंबल, फ्रेम. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम पडतो, खराब जोड तिथेच. तो उघडा, चकचकीत होईपर्यंत घासा, आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. प्लस बाजूलाही असंच करा: बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या प्लस टोकापर्यंत एकूण अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. तिथे चावीचा स्विच आणि ब्रेकचा स्विच हे दोन जुने संशयित.

बॅटरीवर चालणारा ३५ वॅटचा बल्ब साधारण ३ अँपिअर ओढतो. वाटेत अर्धा ओहम अडथळा असला तरी सुमारे दीड व्होल्ट तिथेच जातात, आणि तेवढ्याने फिलामेंटचा उजेड एक तृतीयांशाहून जास्त घटतो. रात्री घाटात हा फरक जिवावर बेतू शकतो.

वायरींचे रंग ओळखता आले तर शोध लवकर संपतो. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये हिरवी म्हणजे अर्थ, लाल म्हणजे बॅटरीचा प्लस, काळी म्हणजे चावीनंतरचा प्लस. यामाहात काळी अर्थ असते आणि चावीनंतरची तपकिरी.

पायरी ४: फ्यूज वारंवार उडत असेल तर

फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नका. टाकीखालच्या वायरी जळायला वेळ लागत नाही. फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांना टेस्ट लॅम्प जोडा. सगळे स्विच बंद ठेवून चावी लावा. शॉर्ट असेल तर लॅम्प पूर्ण तेजाने पेटेल, आणि तोच करंट आवरत असल्यामुळे काही जळणार नाही. पॉइंटच्या गाडीत (जिथे उघडझाप करणारे धातूचे संपर्क कॉइलचा करंट तोडतात) तो किंचित लागला तर तो कॉइलचा करंट समजा. आता हार्नेस (वायरींचा जुडगा) हळूहळू हलवा: हेडलाइटच्या डोममध्ये, स्टिअरिंगजवळ, टाकीखाली, शेवटी मागच्या मडगार्डपाशी. जिथे हात लावल्यावर लॅम्प विझतो, तिथे वायर सोलून फ्रेमला टेकली आहे. चावी लावताना लॅम्प लागत नसेल, तर ब्रेक, हॉर्न, इंडिकेटर एकेक करून चालू करा. ज्या स्विचला तो पूर्ण पेटतो, त्याच फाट्यावर शोधा.

पायरी ५: स्पार्क येत नसेल तर

प्लग बाहेर काढून, कॅपमध्ये बसवून, त्याची बॉडी इंजिनच्या धातूला पक्की टेकवा आणि मग किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते. एसी सीडीआयच्या (मॅग्नेटच्या विजेवर चालणारं, पॉइंटशिवाय ठिणगी पाडणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) होंडा पद्धतीच्या गाडीत काळी-पांढरी वायर अर्थ झाली की इंजिन बंद होतं. ती सीडीआयपासून तात्पुरती सोडा. स्पार्क परत आला तर सीडीआय ठणठणीत आहे. बिघाड चावीच्या स्विचमध्ये किंवा त्या वायरीत आहे. तपासणी झाली की वायर पुन्हा जोडा.

पॉइंटच्या जुन्या बुलेटमध्ये अँमीटरच (करंट दाखवणारा काटा) सांगतो. लाइट बंद ठेवून चावी लावा आणि किक सावकाश दाबा. पॉइंट जुळले की काटा उणेकडे झुकतो, उघडले की शून्यावर येतो. हललाच नाही तर कॉइलपर्यंत करंट पोचत नाही किंवा पॉइंटवर कार्बन आहे. पॉइंट साफ करून गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. पॉइंटवर मोठी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर बदला.

जोड पुन्हा करताना

नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड एक पावसाळा काढतो, कोकणात किंवा गोव्यात खाऱ्या हवेमुळे तेवढाही नाही. डाग (सोल्डर) देऊन त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. स्टिअरिंगजवळ मात्र डाग टाळा, कारण डागाने वायर कडक होऊन वाकते तिथे तुटते. तिथे दाबून बसवलेला थिंबल बरा. शेवटी इंजिन आयडलला ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. लाइट लुकलुकला किंवा इंजिन अडखळलं, तर टाकी बसवण्याआधी स्टिअरिंगपाशी वायरींना आणखी ढील द्या आणि पुन्हा वळवून बघा.