डब्याची एसटी आणि उजवीकडे सरकलेला ग्राफ

दहावीपर्यंत औसा तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत आलेख म्हणजे बिंदू मांडायचे आणि पट्टीनं जोडायचे. अकरावीला लातूरला आलो आणि पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एफ(एक्स − २), म्हणजे एफ(एक्स) या सूत्रात एक्सच्या जागी एक्स − २. सर म्हणाले, "ग्राफ २ घरं उजवीकडे." वजा, आणि उजवीकडे? सगळे माना हलवत होते, मीही हलवली. ही मान लै महागात पडते.

कोडं सुटलं ते डब्यामुळं. माझा डबा गावाकडून ८ च्या एसटीनं यायचा. एके दिवशी गाडी ९ ला सुटली. उपाशीपोटी बसून वहीत काढलं: आडवी वेळ, उभं गावापासूनचं अंतर. काल साडेआठला गाडी जिथं होती, तिथं आज साडेनऊला. म्हणजे आजचं अंतर हवं तर घड्याळातून १ तास वजा करून कालच्या ग्राफात बघायचं. कालचा ग्राफ एफ, आजची वेळ टी, तर एफ(टी − १). ग्राफ मात्र तासभर उजवीकडे गेलेला.

"कंसात उलटं, बाहेर सरळ", म्हणजे कंसातला बदल ग्राफवर उलटा दिसतो आणि कंसाबाहेरचा जसाच्या तसा, हे पाठ करतात सगळेच. चुकीचं नाही, पण √(२एक्स − ६) आलं की गडबड. चाचणीत मी √एक्स आधी आडवा निम्मा दाबला, मग ६ घरं सरकवला, आणि ग्राफ ६ वर सुरू केला. तो ३ वर सुरू होतो. क्रम आठवत बसण्यापेक्षा २ बिंदू धरा. √एक्सवर (०, ०) आणि (४, २) आहेत. २एक्स − ६ = ० म्हणजे एक्स ३; २एक्स − ६ = ४ म्हणजे एक्स ५. नवे बिंदू (३, ०) आणि (५, २). झालं.

ग्राफ देऊन समीकरण विचारलं तर आधी टोक शोधा. उलटा व्ही, टोक (−१, ४), आणि तो (०, २) मधून जातो. १ घर पुढं गेलं की २ घरं खाली, म्हणून वाय = ४ − २|एक्स + १|. पर्याय वाचायच्या आधीच हे लिहून ठेवायचं.

एक चकवा सांगतो. √(४एक्स) आणि २√एक्स एकच आहेत, त्यामुळे आडवा दाबला की उभा ताणला यावर रूममेटशी भांडू नका, आम्ही रात्री बारापर्यंत भांडलोय. साइनला ही सवलत नाही: २ साइन एक्स दुप्पट उंच होतो, साइन २एक्सची उंची तीच राहते, लाटा तेवढ्या दाटीनं येतात.