बर्फात फोर बाय फोर: आधी टायर, मग चेन, शेवटी गिअर

चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली की गाडी बर्फातून हलते. थांबायच्या वेळी मात्र साधी हॅचबॅक आणि महागडी फोर बाय फोर एकाच पातळीवर येतात, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. त्यात फोर बाय फोरची आणखी एक गोची आहे. टू व्हील ड्राइव्ह गाडी चढावर चाकं फिरवून रस्ता निसरडा असल्याचं लगेच सांगते. फोर बाय फोर निमूट चढते, आणि निसरडेपणाचा पत्ता लागतो तो थेट उतारावर.

थोडं गणित करून बघा. ताशी ४० किमी वेगानं कोरड्या डांबरावर ब्रेक लावल्यावर गाडी साधारण ८ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर त्याला २५ मीटर लागतात आणि गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर ६० च्या वर. हे सगळं सपाटीवर. अशा गोठलेल्या थरावर रस्त्याचा उतार दहास एक असेल, तर साधा टायर गाडी थांबवूच शकत नाही. घर्षण आणि उतार यांची बरोबरी होते आणि गाडी त्याच वेगानं खाली जात राहते. हिमाचलच्या वळणदार रस्त्यांवर असे तुकडे भरपूर आहेत. म्हणून पैसे आणि लक्ष आधी टायरवर.

टायर

उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ताठर व्हायला लागतं. हिवाळी टायरमध्ये सिलिका जास्त असलेलं मऊ रबर असतं, त्यामुळे ते उणे तापमानातही लवचीक राहतं. त्याच्या रस्त्याला टेकणाऱ्या प्रत्येक रबरी ठोकळ्यावर सुरीनं मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. ठोकळा दबला की चिरांच्या कडा उघडतात आणि बर्फात रुततात. टायर घेताना आधी या चिरा बघा, खोल खाचा नंतर.

इथेच मड टायरवाले फसतात. चिखलासाठीचे मोठे ठोकळे ताज्या, खोल, भुसभुशीत बर्फात ठीक चालतात, पण त्यांचं रबर कडक आणि चिरा जवळपास नसतात. गोठलेल्या रस्त्यावर ते साध्या हायवे टायरपेक्षाही वाईट वागू शकतात. दिसायला रांगडे म्हणून घ्यायचे तर घ्या, बर्फासाठी नको.

टायरच्या बाजूवर ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असलं म्हणून फार हुरळून जाऊ नका. तो खाचांच्या रचनेवरून कंपनीनं स्वतः केलेला दावा असतो. बघायचं ते तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण असं चिन्ह. दाबलेल्या बर्फावरच्या प्रमाणित चाचणीत पास झाल्याशिवाय ते मिळत नाही. मात्र गोठलेल्या पाण्यावर टायर कसा वागेल, हे त्या चिन्हातूनही कळत नाही. युरोपात मे २०२१ पासूनच्या टायर लेबलवर त्यासाठी वेगळं चिन्ह आहे.

भारतात खरे हिवाळी टायर दुकानात सहज मिळत नाहीत. जून २०२० पासून नव्या टायरची आयात परवान्याशिवाय करता येत नाही आणि इथे मागणीही तुटपुंजी आहे. शिवाय पुण्याहून किंवा नाशकाहून निघालात तर मनालीपर्यंतचा बहुतेक प्रवास उघड्या डांबरावर होतो, त्यात मऊ रबर झपाट्यानं झिजतं. त्यामुळे महाराष्ट्रातून वर्षातून एखाद्या वेळी बर्फात जाणाऱ्यानं डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेले ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) टायर घ्यावेत आणि सोबत चेन, म्हणजे टायरवर बसवायची साखळी, ठेवावी. एकाच मॉडेलच्या काही मापांवर हे चिन्ह असतं, काहींवर नसतं. कॅटलॉगवर विसंबू नका. दुकानात टायर आडवा पाडून स्वतःच्या डोळ्यांनी चिन्ह बघा.

टायर चारही बदलायचे. नुसते पुढचे बदलले तर उतारावर मागची बाजू निसटून पुढे येते. नुसते मागचे बदलले तर गाडी वळत नाही, सरळ दरीकडे जाते. मापाच्या बाबतीत रुंदीचा मोह टाळा. जिम्नीचा १९५/८० आर१५ (पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी) हा अरुंद टायर पातळ बर्फ कापून खालच्या रस्त्यापर्यंत पोहोचतो. थारचा २५५/६५ आर१८ त्याच बर्फावर तरंगायला बघतो. म्हणून कंपनीनं मान्य केलेल्या मापांपैकी अरुंद माप निवडा, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरइतका किंवा जास्त ठेवा. बाजूवरच्या तारखेच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: ३५२४ म्हणजे २०२४ चा ३५ वा आठवडा. पाच-सहा वर्षं जुनं रबर खाचा शाबूत असल्या तरी बर्फासाठी बाद समजा. खाचांची खोली कायद्यानं १.६ मिमी चालते, बर्फात ४ मिमीच्या खाली गेली की टायर काम करत नाही.

जर्मनीत राहणाऱ्यांना निवडीची मुभाच नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे रस्त्यावर बर्फ असताना डोंगर-हिमकणाचंच चिन्ह लागतं, नुसतं ‘एम प्लस एस’ चालत नाही. दोन युरोचं नाणं खाचेत उभं धरा. बाहेरची चंदेरी कड पूर्ण बुडाली तर ४ मिमी शिल्लक आहे. कॅनडात क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. बाकी ठिकाणी कायदा नसला तरी बर्फ तोच.

हवा

पुण्यात ३० अंशाला भरलेली ३२ पीएसआय हवा उणे १० अंशाला थंडीमुळे सुमारे ६ पीएसआयनं उतरते. पण ३,००० मीटर उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्यानं गेजवरचा आकडा साडेतीनएक पीएसआयनं वर येतो. म्हणजे मनालीच्या वर, अटल टनेलपलीकडच्या सिस्सूला सकाळी गेज २९-३० दाखवेल. वर मुक्काम असेल तर सकाळी, गाडी हलवण्याआधी हवा तपासून कंपनीनं सांगितलेल्या आकड्यावर आणा. ‘बर्फात हवा कमी करा’ हा सल्ला फक्त खोल, न तुडवलेल्या बर्फासाठी आहे, आणि तोही सोबत हवेचा पंप असेल तरच. तिथे १८-२० पर्यंत उतरा, बाहेर पडल्यावर लगेच भरा. गोठलेल्या डांबरावर हवा कमी करून काही मिळत नाही.

चेन

मनालीच्या वर बर्फ पडला की पोलिस सोलंगच्या अलीकडेच गाड्या अडवतात आणि फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. फोर बाय फोर आहे म्हणून चेन नको, असं नाही; उतारासाठी तीच कामाची. टायरच्या नेमक्या मापाची चेन घ्या आणि घरी कोरड्या जागी दोनदा लावून बघा. बोटं गोठलेली असताना पहिल्यांदा शिकायला बसू नका.

चेन जमिनीवर पसरून पीळ काढा. कड्यांची धारदार टोकं टायरकडे नकोत, बाहेर हवीत. चेन टायरवरून टाका, आधी आतल्या बाजूचा हूक अडकवा, मग बाहेरचा, आणि ताण द्या. पन्नास-शंभर मीटर हळू चालवून थांबा आणि पुन्हा ताणा. पहिल्या फेऱ्यांत ती नेहमी सैल पडते. सैल चेन आतल्या ब्रेकच्या नळीवर आपटते, आणि ती नळी फुटली तर खेळ खलास. चेनवर ताशी ३०-४० च्या वर जाऊ नका. एकच जोडी असेल तर ती पुढे की मागे, हे गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठरवा. पुढे लावली तर उतारावर मागची बाजू सुटू शकते, मागे लावली तर स्टिअरिंग ऐकत नाही. उतार मोठा असेल तर दोन जोड्या लावाव्यात हेच खरं.

लिव्हर कुठे ठेवायचा

थार आणि जिम्नीत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग, नाही. ४एचमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचे गिअर) पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर जातात. बर्फावर हा फरक घसरून निघतो, कोरड्या डांबरावर निघत नाही. मग स्टिअरिंग जड होतं, गाडी उड्या मारल्यासारखी चालते आणि शेवटी ट्रान्सफर केसवर, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीवर, येतं.

मनालीहून लाहौलला नेणारा अटल टनेल ही याची परीक्षाच आहे. दक्षिणेच्या पोर्टलपर्यंत (बोगद्याच्या तोंडापर्यंत) रस्ता गोठलेला, मग आत ९.०२ किलोमीटर बहुतेक कोरडा रस्ता, आणि उत्तरेला बाहेर पडताच पुन्हा बर्फ. आत शिरल्यावर चाकाखाली कोरडं लागलं की चाकं सरळ असताना, रेस सोडून, मॅन्युअलमधल्या वेगमर्यादेत ४एचवरून २एचवर (फक्त मागच्या चाकांना ताकद) या. बाहेरचा उजेड दिसू लागला की पोर्टल ओलांडण्याआधीच पुन्हा ४एच. आत थांबायची सोय नाही. चेन लावली असेल तर पोर्टलच्या आधी, पोलिस थांबू देतील त्या रुंद जागी काढा. नऊ किलोमीटर कोरड्या रस्त्यावर चेनही जाते आणि टायरही. ग्रँड व्हिटारासारख्या ऑल व्हील ड्राइव्हमध्ये ही कटकट नाही, स्नो मोड लावून ठेवला तरी चालतो.

४एल (चारही चाकांना ताकद, पण हळू आणि जास्त जोराचे गिअर) खोल बर्फासाठी आणि तीव्र उतारासाठी. गाडी पूर्ण थांबवूनच टाका.

चढ आणि उतार

चढ सुरू होण्याआधी पुढची गाडी वर पोहोचेपर्यंत खाली थांबा. मध्येच थांबावं लागलं की सगळा जोर वाया जातो. दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारख्या रेसवर, गिअर न बदलता वर जा. चाकं फिरायला लागली तर रेस कमी करा; फिरणारं चाक बर्फ वितळवून खाली काच तयार करतं आणि पुढच्या प्रयत्नात ती तुमच्याच नशिबी येते. सगळ्यांच्या चाकांनी घासून चकाकलेल्या पट्ट्यापेक्षा शेजारचा खरबरीत बर्फ जास्त धरतो. पण दरीच्या कडेला जाऊ नका, तिथे बर्फाखाली रस्ता असेलच असं नाही. चढ जमला नाही तर रिव्हर्स टाकून, क्लच सोडून, चाकं सरळ ठेवून इंजिनाच्या जोरावर मागे या. क्लच दाबून गाडी घरंगळू देऊ नका.

उतारावर फोर बाय फोर खरी उपयोगी पडते, आणि नेमकं तिथेच लोक ती बंद करतात. २एचमध्ये इंजिनाचा अडसर फक्त मागच्या चाकांवर येतो. गोठलेल्या उतारावर पहिला गिअर टाकला की मागची चाकं अडतात आणि शेपूट फिरतं. ४एच किंवा ४एलमध्ये तोच अडसर चारही चाकांत वाटला जातो. उतार सुरू होण्याआधी वेग चालण्याइतका करा, पहिला किंवा दुसरा गिअर टाका आणि ब्रेकला पाय लावायचाच तर हलका. ब्रेक आणि स्टिअरिंग एकत्र नको: आधी सरळ रेषेत वेग कमी, मग वळण. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली थरथरू लागलं तर पाय उचलू नका, दाबून धरा.

पुढची चाकं सरकू लागली तर अजून वळवू नका; रेस सोडा, स्टिअरिंग थोडं सरळ करा, पकड येईपर्यंत थांबा. मागची बाजू निसटली तर जायचंय तिकडे बघा आणि तिकडेच स्टिअरिंग न्या. खाली गिअर पाडल्यामुळे निसटली असेल तर क्लच दाबा, चाकं मोकळी होतात.

सगळ्यात वाईट तापमान उणे १५ नसून शून्याच्या आसपासचं असतं, कारण बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. दुपारी उन्हानं नाल्यांचं पाणी रस्त्यावर येतं, ऊन कललं की गोठतं. सोलंग ते धुंडी या पट्ट्यात सावलीतली वळणं अशीच असतात. परतीचा प्रवास दुपारी तीनच्या आत उरका.

अडकलात तर, आणि रात्री

चाकं फिरवत बसू नका. गाडीचं पोट बर्फावर टेकलंय का बघा. टेकलं असेल तर आधी फावड्यानं ते मोकळं करा. चाकांपुढे माती, खडी किंवा पायपुसणी टाका, दुसरा गिअर आणि रिव्हर्स असं हलकं पुढे-मागे करा. बर्फ पडत असताना इंजिन चालू ठेवून आत बसायचं असेल तर सायलेन्सरचं तोंड वरचेवर मोकळं करा आणि खिडकी थोडी उघडी ठेवा. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये किमान २२ जण गेले. त्यातल्या काहींच्या बाबतीत कारण धूरच होता.

रात्री हँडब्रेक ओढू नका, ओला असेल तर सकाळी गोठून बसतो. गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा, वायपर उभे करा. रेडिएटरमध्ये वर्षभर नुसतं पाणी ओतलेलं असेल तर निघण्याआधी बदला. निम्मं कूलंट, निम्मं पाणी हे मिश्रण उणे ३५ च्या आसपास टिकतं. डिझेल गाडी असेल तर खाली सपाटीवर टाकी फुल करून वर नेऊ नका. सपाटीवरचं डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबवतं. इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं. केलाँग, काझा किंवा लडाखमध्ये मुक्काम असेल तर पंपावर ते विचारून भरा, आणि भरल्यावर दहाएक किलोमीटर गाडी चालवा, म्हणजे नळ्यांतलं जुनं डिझेल निघून जाईल.